पेजवरची कासारीण

“काकू, तेवढ्या हातातल्या काढता का?” मोबाइल डोळ्यांसमोर धरूनच निनाद धुमाळ म्हणाला.

“ह्या? ह्या नमुन्याच्या आहेत रे.” आईने दोन्ही मनगटं वर करून दाखवली.

दुकानात बसताना आई हातांत निरनिराळ्या बांगड्या चढवायची. गिऱ्हाइकाला पेटीतली बांगडी कळत नाही, हातातली कळते, असं तिचं म्हणणं होतं. संध्याकाळी फळी लावताना त्या उतरवून पुन्हा पेटीत जायच्या. बाबा गेले आणि त्यांच्या गादीवर ती बसायला लागली तेव्हापासून हे असंच चाललं होतं. त्यामुळे आमच्या गावाने तिचे रिकामे हात कधी पाहिलेच नव्हते.

“त्याच तर मध्ये येतायत,” निनाद म्हणाला. “स्नेहाच्या हातात हिरव्यागार बांगड्या आणि भरणारा तुमचा हात रिकामा, असं दिसलं पाहिजे. फ्रेम बोलते मग.”

“काय बोलते फ्रेम?” मी विचारलं.

“रेवती, तू जरा उजेडातून बाजूला हो ना.”

स्नेहा म्हणजे त्याच्या वडिलांच्या पेपरच्या जाहिरात विभागातली मुलगी. नवरीसारखा हात पुढे करून ती बिचारी पाटावर बसली होती. आईने माझ्याकडे पाहिलं, मग निनादकडे पाहिलं आणि हसत हसत एकेक बांगडी उतरवून ठेवली. “घे बाबा. तुझ्या शिक्षणातलं आम्हाला काय कळतंय,” ती म्हणाली.

निनादने पुष्कळ फोटो काढले. खाली वाक, वर बघ, आता जरा उदास बघ. उदास बघायला सांगितल्यावर आईला हसूच यायला लागलं. “अरे, चुडा भरताना उदास कशी होऊ? नवरी घाबरेल ना,” ती म्हणाली. पण त्याने हट्टाने एक तसा फोटो मिळवलाच. स्नेहाच्या हातात आई बांगडी सारत असताना बाहेर रस्त्यावर म्हैस हंबरली, आईने वळून तिकडे पाहिलं आणि त्याच क्षणी त्याने बोट दाबलं. पुढे सगळ्या गावाने ज्या नजरेला विधवेची व्यथा म्हणून हात जोडले, त्या नजरेने माझी आई म्हशीकडे बघत होती. हे मी आजवर कुणाला पटवून देऊ शकलेले नाही.

‘दैनिक सीनाकाठ’ हा धुमाळांचा चार पानी पेपर. तालुक्यात तेवढाच एक. दर दिवाळीला त्यात आमच्या अंदुरे बांगडी भांडाराची चौकोनी जाहिरात यायची, वर पणती आणि खाली ‘ग्राहकांना हार्दिक शुभेच्छा’. शेजारच्या लोखंडाच्या दुकानाचीही तशीच, पलीकडच्या दवाखान्याचीही तशीच. जाहिरात वाचून कुणी बांगड्या घ्यायला आल्याचं मला आठवत नाही. पण वसंतराव धुमाळ स्वतः गल्लीत यायचे, चहा घ्यायचे, आणि त्यांना नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती.

मग त्यांचा निनाद पुण्याहून कसलासा कोर्स करून परत आला. चौकोनी जाहिरातींचे दिवस संपले, आता गोष्ट विकावी लागते, असं त्याने बापाला ऐकवलं आणि पेपरचं फेसबुकवर पेज काढलं. गावातले व्हॉट्सॲपचे झाडून सगळे ग्रुप गोळा केले. ‘आपलं गाव, आपली दुकानं’ अशी मालिका सुरू केली. पहिल्यांदा लोखंडवाल्यांची पाळी आली. तीन पिढ्यांचा विश्वास वगैरे लिहूनही त्यांच्या पोस्टकडे त्यांच्या जावयाशिवाय कुणी ढुंकून पाहिलं नाही. खिळ्यामोळ्यांना गोष्ट नसते हे निनादच्या लक्षात आलं आणि तो कासार गल्लीत शिरला.

आईलाही तेव्हा गरज होतीच. नव्या स्टँडवर राजू भंडाऱ्याने ‘नवरंग बँगल्स’ नावाचं काचांचं चकचकीत दुकान थाटलं होतं. तोही आमच्यातलाच कासार, पण हुशार. त्याची बायको छाया गाण्यांच्या तालावर हात नाचवत व्हिडिओ टाकायची आणि कॉलेजच्या पोरी तिकडे पळायच्या. आमच्याकडे राहिली होती ती लग्नघरं. आमच्या भागात लग्नाच्या आदल्या दिवशी कासारणीला घरी बोलावतात. नवरीला पाटावर बसवून हिरवा चुडा भरतात, मग घरातल्या साऱ्या बायका भरून घेतात, आणि शेवटी नवरी कासारणीच्या पाया पडते. लग्नसराईतल्या ह्या कामावरच आमचं वर्ष निघायचं. आणि ह्या कामात आईचा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं. “सासू कशी आहे गं? नणंद बोलते का नीट?” असं विचारत ती अंगठ्याखालचं हाड अलगद दाबायची, आणि पोरगी उत्तर देईपर्यंत बांगडी मनगटावर गेलेली असायची. ती विधवा आहे हे गावाला ठाऊक होतं. बाबांच्या मयतीला सगळी गल्ली होती. पण नवरीसमोर बसलेली बाई म्हणजे कासारीण, एवढंच लोकांनी पाहिलं होतं. त्यापुढे बघायची कुणाला गरज पडली नव्हती.

पोस्ट दिवाळी संपता संपता आली.

“स्वतःचं कपाळ मोकळं, मनगट रिकामं, पण गावातल्या प्रत्येक लेकीचा हात हिरवा करणारी ही माउली! नियतीने हिचं सौभाग्य हिरावलं, हिने मात्र इतरांचं सौभाग्य सजवलं. वाचा, प्रमिलाकाकू अंदुरे यांची डोळ्यांत पाणी आणणारी कहाणी...” आणि सगळ्यात खाली: “लग्नसराईच्या बुकिंगसाठी आजच संपर्क साधा.”

मी रागाने लाल झाले. “कपाळ मोकळं काय? तू टिकली लावतेस. त्याने एवढा उजेड मारलाय की ती दिसत नाही, आणि वर हे!”

“अगं, लिहिताना लिहितात तसं,” आई म्हणाली. “बघ तरी किती जणांनी वाचलंय.”

वाचलं होतं खरं. सगळ्या ग्रुपवर तीच पोस्ट फिरत होती. पुण्यामुंबईला गेलेली गावची माणसं ‘अभिमान वाटतो’ म्हणून पुढे पाठवत होती. हात जोडलेले, रडणारे, लाल बदाम, सगळ्याचा नुसता पाऊस. आई जेवणं झाली की मला म्हणायची, “वाच गं आणखी.” मी वाचायची. जावळेबाईंनी तर पानभर लिहिलं होतं. शाळेत मला मराठी शिकवलेल्या ह्या जावळेबाई. ‘प्रमिलाताई, तुम्ही समाजाच्या डोळ्यांत अंजन घातलंत. तुमच्या हातून चुडा भरून घेणारी प्रत्येक मुलगी भाग्याची.’ हे आईने माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. जन्मभर दुसऱ्यांच्या हातांकडे बघत बसलेल्या बाईकडे सगळं गाव बघत होतं. तिला आवडणारच. मीही मग राग गिळला. दुकानात गर्दी होऊ लागली होती. बायका यायच्या, आईबरोबर फोटो काढून घ्यायच्या, कानातलं, क्लिपा, काहीबाही घ्यायच्या. जाताना आईच्या हातांकडे हळूच बघायच्या.

पहिला फोन जावळेबाईंचाच आला. त्यांच्या धाकटीच्या लग्नाचं काम आमच्याकडे ठरलेलं होतं.

“प्रमिलाताई, आमचं काही नाही हो,” बाईंचा आवाज फोनबाहेर मलाही ऐकू येत होता. “मी तर केवढं लिहिलंय तुमच्यावर. पण मुलाची आजी आहे ना, तिच्या मोबाइलवर कुणीतरी तो फोटो पाठवला. ती अडून बसलीय.”

“बाई, तुमच्या थोरलीचा चुडा मीच भरला होता,” आई म्हणाली. “तेव्हाही आमचे हे नव्हतेच.”

“हो हो. पण तेव्हा ते असं... समोर नव्हतं ना आलं. रागावू नका हं. पोस्ट मात्र फार सुंदर आहे.”

आईने फोन ठेवला आणि मोती ओवत बसली.

मग एकेक काम गळायला लागलं. कुणी फोन केला, कुणी शेजारणीबरोबर निरोप पाठवला, कुणी तेवढंही केलं नाही. आईने ताजा हिरवा माल भरून ठेवलेला आणि दारात नवरीकडचं माणूस नाही. गंमत अशी, की एकानेही स्वतःच्या तोंडाने नको म्हटलं नाही. कुणाची आजी जुन्या वळणाची होती, कुणाचे पाहुणे खेड्यातले होते, कुणाच्या आत्याला असल्या गोष्टींचं फार. सगळं गाव सुधारलेलं, फक्त पाहुणे तेवढे मागासलेले! मी चिडून पोस्ट उघडली आणि खालची नावं बघत बसले. ज्यांनी ज्यांनी काम काढून घेतलं होतं, त्या सगळ्यांचे लाल बदाम तिथे होते.

“ह्यांना विचारू का मी एकेकाला?” मी मोबाइल नाचवत म्हटलं.

“कुणाला काही विचारायचं नाही,” आई म्हणाली. “त्यांच्या लेकींची लग्नं आहेत. शुभ कार्यात आपण कशाला वाईटपणा घ्यायचा?” मग जराशाने म्हणाली, “धुमाळांच्या ऋतुजाचं लग्न आहे. तिथं मी भरल्या ना, की सगळ्यांची तोंडं आपोआप बंद होतील. धुमाळांनी केलं ते गाव करतं.”

ते खरंच होतं. ऋतुजा म्हणजे निनादची सख्खी बहीण. त्या लग्नाला आमदारापासून सगळा तालुका यायचा होता. त्या घरात आईच्या हातून चुडा भरला गेला असता तर जावळेबाईंच्या होणाऱ्या जावयाची आजीसुद्धा गप्प बसली असती. आणि त्या घरातून नकार आला तर कासार गल्लीतल्या आमच्या दुकानाने केसांच्या क्लिपा विकत बसायचं होतं. आईला हे माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. म्हणून तिने साडी बदलली आणि मला घेऊन पेपरच्या कचेरीत गेली.

निनादने खुर्च्या पुढे केल्या, चहा मागवला. टेबलावर कॉम्प्युटरमध्ये आमचाच फोटो उघडा होता.

“काकू, तुम्ही तर स्टार झालात! ही बघा आपल्या पेजवरची सगळ्यात जास्त चाललेली पोस्ट. हिच्यामुळे साडीवाले आले, चष्मेवाले आले, दातांचे डॉक्टर स्वतःहून म्हणाले, आमचंही असं काहीतरी हृदयाला हात घालणारं लिहा.”

“दातांचं काय लिहिणार हृदयाला हात घालणारं?” मी म्हटलं.

तो हसला. आई हसली नाही. “निनाद, ती पोस्ट काढून टाक बाबा,” ती म्हणाली.

“काढून टाकू?” त्याला खरंच कळलं नाही. आईने मग त्याला सगळं सांगितलं, खाली बघत, पदराच्या टोकाशी खेळत. कुणाकुणाकडची कामं गेली तेही सांगितलं. तो ऐकत गेला तसा त्याचा चेहरा बदलत गेला. मला वाटलं, ह्याला लाज वाटतेय.

“काकू, ही तर पहिलीपेक्षा मोठी स्टोरी आहे,” तो म्हणाला. “‘ज्या हातांना गावाने सलाम केला, तेच हात गावाला नकोसे!’ वाद झाला की पोस्ट चौपट पळते. उद्याच घेऊ.”

“नावं घालशील?” मी विचारलं. “जावळेबाई, पतसंस्थेचे कुलकर्णी, कापडवाले बोरा?”

“नावं कशी घालणार?” तो गडबडला. “त्यातले निम्मे आपले जाहिरातदार आहेत.”

“मग गावाला म्हणजे कुणाला?”

“रेवती, गप,” आई म्हणाली आणि त्याच्याकडे वळली. “मला दुसरी स्टोरी नको रे. एवढंच सांग, ऋतुजाचा चुडा मीच भरायचा आहे ना?”

“म्हणजे काय, काकू! तुमच्याशिवाय कोण? आईलाही तुमचंच कौतुक. आपण लाइव्ह करू ते.”

बाहेर पडल्यावर आई झपाझप चालत होती. तिने वाटेत थांबून माझ्यासाठी पेरूसुद्धा घेतले. पोस्ट तशीच राहिली होती, पण तिला आता तिचं काही वाटेनासं झालं होतं.

चारच दिवसांनी निनादची आई, निर्मलाबाई, स्वतः मोटारीतून आमच्या दारात उतरल्या. गल्ली बघतच राहिली. त्यांनी सगळा माल आमच्याकडून घ्यायचं ठरवलं. नवरीचा चुडा, करवल्यांच्या, पाहुण्या बायकांच्या, एकूण एक. “आणि प्रमिलाताई, तुम्ही स्वतः यायचं हं. तुमच्याशिवाय कार्यक्रमाला शोभा नाही,” म्हणाल्या. आईने त्यांना सरबत दिलं. त्या गेल्यावर ती देव्हाऱ्यासमोर जाऊन उभी राहिली, आणि मला मागून तिचे हलणारे खांदे दिसले.

चुड्याच्या दिवशी आईने ठेवणीतली मोरपंखी साडी नेसली. पेट्या रिक्षात घालून आम्ही धुमाळांच्या बंगल्यावर गेलो. दिवाणखान्यात बायकांची दाटी होती. मधोमध पाट, भोवती रांगोळी, समोर स्टँडवर मोबाइल लावून निनाद. जावळेबाईही होत्या. आईला बघून त्यांनी लांबूनच हात जोडले.

“आधी सत्कार,” निनाद म्हणाला. “काकू, इथे उभ्या राहा.”

त्याने मोबाइल सुरू केला आणि बोलायला लागला. रूढी, परंपरा, सीनाकाठचा वारसा, महिलांचा सन्मान. निर्मलाबाईंनी आईच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईचा चेहरा उजळला होता. मग एक करवली हळदीकुंकवाचं ताट घेऊन बायकांच्या रांगेतून फिरू लागली. जावळेबाईंना लावलं, त्यांच्या शेजारणीला लावलं, मला नुसतं कुंकू लावलं, आणि आईपाशी येऊन तिने निर्मलाबाईंकडे पाहिलं. निर्मलाबाईंनी मान किंचित हलवली. ताट पुढे गेलं.

ह्याची आईला सवय होती. कासारीण म्हणून ती गेली की हळदीकुंकवाच्या वेळी पेट्या आवरायच्या निमित्ताने खाली बघायची. आजही तिने नारळ शालीत गुंडाळायला घेतला. मग साडी सावरून ती पाटासमोर बसायला वाकली.

“ताई, तुम्ही इकडे खुर्चीवर बसा,” निर्मलाबाई गोड आवाजात म्हणाल्या. “आज तुम्ही पाहुण्या. छाया, ये गं.”

बायकांच्या मागून छाया भंडारे पुढे आली. नवरंग बँगल्सवाली. तिने आईकडे पाहिलं नाही.

आई अर्धी वाकलेली तशीच राहिली. मी निनादकडे पाहिलं. तो मोबाइलची मान खाली वळवून काहीतरी दाबत होता. लाइव्ह बंद झालं होतं.

“निर्मलाकाकू, माल आमचा, मग भरायला...” मी पुढे झाले.

“अगं, आमचं काही नाही बाळा,” निर्मलाबाई माझ्या गालाला हात लावत म्हणाल्या. “मुलाकडचे लोक आहेत इथे. लग्नघर आहे, उद्या काही कमीजास्त झालं की आयुष्यभर बोलतील. तुझ्या आईला कळतंय. हो की नाही, ताई?”

“हो,” आई म्हणाली. ती खुर्चीवर बसली आणि तिने पेटी उघडली. ऋतुजाच्या हाताकडे एकदा बघून तिने माप काढलं आणि डझन छायाच्या हातात दिला.

छायाला व्हिडिओत हात नाचवायची सवय, जड हातात काच सारायची नव्हती. ऋतुजाचा हात ताठ झाला होता. दुसरीच बांगडी हाडावर अडली, छायाने जोर केला आणि काच कडकन मोडली. मनगटावर रक्ताचा ठिपका आला. बायका हळहळल्या. आईचा हात आपोआप पुढे गेला.

“राहू द्या, ताई,” निर्मलाबाईंचा आवाज आता गोड नव्हता.

“आई, काकूंनाच भरू दे ना गं,” ऋतुजा रडवेली होऊन म्हणाली. “त्या भरतात तर कळतसुद्धा नाही.”

“तू गप्प बस. थोडं सोसावं लागतं.”

आईने हात मागे घेतला आणि मांडीखाली ठेवला. एखाद्या शाळकरी पोरीने शिक्षा झाल्यावर ठेवावा तसा. “छाया, साबणाचं पाणी घे,” ती हळू आवाजात सांगत राहिली. “अंगठा तळहातात दुमड. आता बोलत राहा तिच्याशी. हं. आता सार.” अशा रीतीने धुमाळांच्या लेकीचा चुडा भरला गेला. ऋतुजा उठली, छायाच्या पाया पडली आणि आईसमोर येऊन अवघडून उभी राहिली. “जा बाळा, सुखी राहा,” आई तिला हात न लावताच म्हणाली.

संध्याकाळी सीनाकाठच्या पेजवर फोटो झळकला. शाल पांघरलेली आई, बाजूला ऋतुजाचे हिरवेगार हात. ‘परंपरेला छेद! सीनाकाठ परिवाराच्या लेकीचा चुडा प्रमिलाकाकूंच्या साक्षीने. बदलाची सुरुवात आपल्या घरापासून.’ साक्षीने! शब्द शोधायला हुशारी लागते, ती निनादमध्ये होती. पुन्हा पाऊस पडला. जावळेबाईंनी लिहिलं, ‘मी स्वतः उपस्थित होते. भरून आलं.’

मी त्याखाली काय काय लिहायला घेतलं होतं ते आता इथे सांगण्यासारखं नाही. आईने मोबाइल माझ्या हातातून काढून घेतला.

“राहू दे,” ती म्हणाली. “वाचणाऱ्यांना वाटेल मीच भरल्या. वाटू दे. कुणी दूरचं तरी येईल.”

कुणी आलं नाही. दूरचे लोक जवळच्यांना विचारूनच येतात. ती लग्नसराई गेली, पुढचीही गेली. छाया आता गाडी घेऊन गावोगाव चुडे भरायला जाऊ लागली. तिचा हात बसला. दोषही तिचा कसा म्हणू? आमच्याकडे कानातली, गजरे, मुलींचे कंगवे खपत राहिले. निनादला पुण्यात कुठल्याशा कार्यक्रमात ‘स्थानिक व्यवसायांना नवसंजीवनी’ म्हणून बक्षीस मिळालं, आणि त्याच्या मागच्या पडद्यावर आई म्हशीकडे बघत होती.

आई मात्र त्यानंतर कधी रडली नाही, कुणाला टाकून बोलली नाही. मला वाटायचं, हिने हे सगळं धुळीसारखं झटकून टाकलंय. गावाने तिचं काम काढून घेतलं, पण ती मनातून होती तशीच आहे, ह्या एका गोष्टीवर मी माझा सगळा राग तोलून धरला होता.

मग माझं लग्न ठरलं. मुलगा नगरचा, बँकेतला. घरचे साधे, कसल्याच अटी नसलेले. माझ्या सासूबाईंनी तर फोनवर आईला आपण होऊन सांगितलं, “चुडा तुम्हीच भरा हो. तुमच्यासारखा हात कुठे मिळणार?” मी आनंदाने नाचलेच. आदल्या दिवशी पाट मांडला, रांगोळी काढली. आईने स्वतः हिरवा माल निवडून ठेवला होता, एकेक बांगडी उजेडात धरून, तडा आहे का बघत. मी पाटावर बसून हात पुढे केला.

“थांब जरा,” आई दाराकडे बघत म्हणाली. “छाया येतेय.”

मला वाटलं, छाया बांगड्या भरून घ्यायला येतेय. मग तिच्या खांद्यावर पेटी दिसली.

“आई, हे काय?”

“ती भरेल.”

“का? इथे कोण आहे अडवणारं? माझ्या सासूने सांगितलंय तू भर म्हणून.”

“त्या चांगल्या आहेत म्हणून सांगितलं.”

“तू मानतेस हे? तू?” माझा आवाज चढला. “त्या निर्मलाबाईचं खरं मानतेस?”

“मी नाही मानत,” आई म्हणाली. “सगळं खोटं आहे, मला माहिताय.” तिने हिरव्या बांगड्यांचा डझन उचलला आणि छायाच्या हातात दिला. “पण चुकून खरं निघालं तर? दुसऱ्यांच्या लेकींना भरताना मला कधी भीती वाटली नाही गं. तुझ्या बाबतीत वाटते.”

छाया खाली बघत उभी होती. “काकू, निदान पहिली एक तरी तुम्ही...” ती म्हणाली.

“नको. माझा हात नको,” आई म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

मी हात पुढे केला. छायाचा हात आता चांगलाच सराईत झाला होता, एकही बांगडी मोडली नाही. भरून झाल्यावर रिवाजाप्रमाणे मी तिच्या पाया पडले. आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता, आणि सकाळची भांडी तर मी केव्हाच घासून ठेवली होती.